शंभर कामगारांच्या टॉवेल कारखान्यात आरोग्य समिती: करावी की नको?

पाळीवाला_सोलापूर
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे. विणाई, शिलाई, पॅकिंग धरून शंभराच्या वर माणसं आहेत. कामगारांच्या आरोग्यासाठी एक समिती करा, असं मी मालकांना सांगणार आहे. त्याआधी इथल्या लोकांचं मत हवंय.

21 जूनला योगासनं आणि वर्षातून एक रक्तदान शिबिर, यासाठी समिती लागत नाही. मला सात जणांची समिती हवी आहे: विणाईतले तीन, शिलाईतल्या दोन बायका, एक जॉबर (मागांची देखरेख-दुरुस्ती करणारा) आणि मालकांचा एक माणूस. पहिले सहा कामगारांनीच निवडायचे. महिन्यातून एकदा अर्धा तास बसायचं. थोडी रक्कम त्यांच्या हातात द्यायची आणि ती कशावर खर्च करायची हे त्यांनीच ठरवायचं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या पुढे जातो, वर पत्रा तापतो. अशा वेळी पाण्याचा कूलर कुठल्या कोपऱ्यात हवा हे मागावर उभं राहणाऱ्याला जितकं कळतं, तितकं ऑफिसात बसून कळत नाही.

छोटा_कारखानदार
माझा स्पष्ट विरोध. सुताचा भाव आज एक, उद्या एक. वीजबिल वेगळंच. कामगार राज्य विम्यात (ईएसआय) मालक पगाराच्या 3.25 टक्के भरतो, कामगाराचे 0.75 टक्के कापतो. दवाखान्याची सोय त्यातूनच होते ना? शिवाय समित्या काय कमी आहेत? 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर कामगारांपासून मालक-कामगारांची कार्य समिती सांगितली होती. 2013 च्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यानं दहा माणसांपासून अंतर्गत तक्रार समिती आली. किती ठिकाणी त्या खरंच बसतात? आणखी एक रजिस्टर वाढेल, एवढंच. पैसे असतील तर दोन एक्झॉस्ट पंखे लावा. ते मालकानं ठरवून लावले तरी धूळ तेवढीच कमी होते.

शिलाई_विभाग
पंख्यांचं मान्य आहे दादा. पण आमच्या आधीच्या कारखान्यात बायकांच्या संडासाला आतून कडी नव्हती. बायका दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत, जायला नको म्हणून. त्यात मजुरी नगावर, म्हणजे उठलं की पैसे बुडाले. लघवीची जळजळ, पोटात दुखणं हे आमच्यात जिला-तिला. पुरुष मुकादमाला हे कोण सांगणार? कडीला खर्च किती येतो, सांगा. खर्चासाठी ती अडलेली नव्हती. आमच्यातलं कुणी बोलायच्या जागी बसलेलंच नव्हतं. म्हणून समिती हवी.

गिरणीकामगाराचा_मुलगा
मी कामगारांच्या बाजूनं बोलतोय, तरी माझा विरोध आहे. मालकाच्या परवानगीनं झालेली समिती शेवटी मालकाचीच असते. सोलापुरातल्या जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू या गिरण्या चालू होत्या तेव्हा कामगार युनियनमधून बोलायचे. तिथं भांडणं होती, राजकारण होतं, पण पाठीशी ताकद होती. आता ही समिती काय करणार बघा. तपासणी शिबिर घेणार, एखाद्याला शुगर निघणार, एखाद्याच्या छातीवर डाग दिसणार. ते ऑफिसात कळणार आणि पुढच्या आठवड्यात “तू जरा घरी आराम कर.” रोजंदारीच्या माणसाला हा आराम कसला? त्याची चूल बंद होते. आमच्या गल्लीत लोक शिबिराला जायला का भितात, याचा विचार करा आधी.

विडी_घरकुल_परिचारिका
शेवटच्या मुद्द्यात फार तथ्य आहे. आणि तपासणीशिवाय भागतही नाही, ही खरी अडचण.

कापसाच्या धुळीनं छाती आवळते, त्याला बिसिनोसिस म्हणतात. सुरुवातीला साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला त्रास जास्त होतो, मग आठवडाभरात कमी होतो. माणसाला वाटतं, सुट्टीत हवा बदलली, थंड पाणी प्यालो, म्हणून झालं. या टप्प्यावर धुळीपासून लांब गेलं तर बरं वाटू शकतं. वर्षानुवर्षं तसंच काढलं तर फुप्फुसाचं नुकसान कायमचं होतं. म्हणून फुंकून करायची तपासणी सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, पाळीच्या आधी आणि नंतर करावी. राज्य विम्याच्या यादीत हा व्यवसायजन्य आजार आहे. कानाचंही तसंच. आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे, आणि धोट्याच्या मागांची शेड ती सहज ओलांडते. ऐकू येणं एकदा गेलं की परत येत नाही.

रिपोर्ट डॉक्टर आणि कामगार यांच्यातच राहावा. समितीला नाव कळता कामा नये.

पाळीवाला_सोलापूर
हे प्रस्तावात घालतो. समितीकडे फक्त आकडा येईल, तोही पूर्ण कारखान्याचा. विभागवार आकडा दिला तर चार माणसांच्या विभागात नाव आपोआप कळतं. आजारी निघालेल्याला कामावरून काढायचं नाही, कमी धुळीच्या जागी तेवढ्याच मजुरीवर काम द्यायचं, हे मालकांच्या सहीनं तेलुगू आणि मराठीत गेटवर लागलं पाहिजे. सही मिळाली नाही तर शिबिर घ्यायचं नाही. समितीनं फक्त पाणी, हवा, संडास आणि कानाचे प्लग बघावेत.

कारखानदारसाहेब, पंखा तुम्ही लावाल हो, पण तो बंद पडल्यावर विचारणार कोण?

छोटा_कारखानदार
विचारायला जॉबर आहे. तरी बायकांची अडचण माझ्या डोक्यात नव्हती, ती उद्या माझ्या शेडमध्ये बघतो. समितीला विरोध कायम. “तेवढ्याच मजुरीवर” लिहिणं सोपं आहे. मीटरवर मजुरी असताना पॅकिंगला बसवलेल्या माणसाला विणकराचे पैसे कुठल्या हिशेबानं द्यायचे? आणि मीटिंगला अर्धा तास माग थांबला, तो कुणाच्या खात्यावर?

गिरणीकामगाराचा_मुलगा
मालकाच्या. त्या कामगाराच्या मागच्या तीन महिन्यांच्या मजुरीची सरासरी काढा, दोन्हींचा हिशेब होतो. एवढं लेखी देणारा मालक मिळाला तर माझा विरोध मी सोडेन. तोपर्यंत नाही.

शिलाई_विभाग
आणि मीटिंग पाळी सुटल्यावर ठेवू नका. आम्हाला घरी जाऊन भाकरी टाकायची असते. मग त्या दोन जागा कागदावर बायकांच्या आणि बसायला पुरुषच, असं होईल. पाळीच्या मधेच ठेवा, जेवणाच्या सुट्टीला जोडून, पण सुट्टीतून कापून नाही.