मदत हवी आहे: ॲप डॉट कॉन्फिगमधल्या स्वतःच्या सेक्शनची टाइप्ड यादी कशी करावी?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला सातपूरमध्ये काम करतो. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष पॅकहाउसचं वजनकाट्याला जोडलेलं सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे. सी शार्प, डॉटनेट फ्रेमवर्क ४.८. काट्याची डीएलएल (तयार कोडची फाइल) फ्रेमवर्कवरच चालते, म्हणून नव्या डॉटनेटवर जाऊन सेटिंग्जसाठी जेसन फाइल वापरणं सध्या शक्य नाही.

पॅकिंगचे नियम ॲप डॉट कॉन्फिगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या सेटिंग्जच्या एक्सएमएल फाइलमध्ये आहेत: वाण (थॉमसन, सोनाका, शरद), मण्याचा किमान आकार, पेटीचं निव्वळ वजन आणि माल कुठे जाणार ते. आज हे सगळं ॲपसेटिंग्जमधल्या एकाच लांबलचक स्ट्रिंगमध्ये आहे, स्वल्पविराम आणि उभ्या रेघा घालून. कोड ती स्प्लिट करतो आणि पुढे सगळीकडे इंडेक्स २, इंडेक्स ३ असं चालतं. मला त्याजागी नियमांची सरळ लिस्ट हवी आहे, आकार इंट आणि वजन डेसिमल असलेली.

दोन्ही रस्ते करून पाहिले.

पहिला: आयकॉन्फिगरेशनसेक्शनहँडलर (सेक्शन आपल्या कोडने वाचायचा इंटरफेस) लिहायचा, त्यात मिळणारा एक्सएमएल नोड एक्सएमएलसीरिअलायझरला (एक्सएमएलवरून ऑब्जेक्ट बनवणाऱ्याला) द्यायचा. कोड अगदी थोडा, लिस्ट लगेच हातात. हा इंटरफेस २.० पासून जुना ठरवला आहे, तरी चालतो. पण ही फाइल पॅकहाउसचे सुपरवायझर नोटपॅडमध्ये स्वतः बदलतात. ॲट्रिब्यूटच्या नावात एक अक्षर चुकलं, तर सीरिअलायझर ते निमूटपणे सोडून देतो आणि किमान आकार ० होतो. म्हणजे १८ मिमीच्या पेटीत कुठलाही मणी पास! माल कंटेनरमध्ये चढल्यावर हे कळून काय उपयोग? शेतकऱ्याचं वर्षभराचं काम त्या पेटीत असतं.

दुसरा: कॉन्फिगरेशनसेक्शन, त्यात कॉन्फिगरेशनएलिमेंटकलेक्शन, त्यात एलिमेंट (एका नियमाला एक). इथे अनोळखी ॲट्रिब्यूट आलं की एक्सेप्शन येतं, इझरिक्वायर्ड (हे ॲट्रिब्यूट सक्तीचं) लावलं की गाळलेलंही पकडलं जातं. मला हाच रस्ता बरोबर वाटतो. सेक्शन पहिल्यांदा मागितल्यावरच वाचला जातो, म्हणून सेक्शन मागणारं गेटसेक्शन मी प्रोग्राम सुरू होताच, मेनमध्येच बोलावतो आणि एक्सेप्शनमधला ओळ क्रमांक स्क्रीनवर दाखवतो.

(कोणी आकड्याची मर्यादा तपासणारा इंटीजरव्हॅलिडेटर लावणार असेल तर: तो डिफॉल्ट किंमतही तपासतो. डिफॉल्ट दिलं नाही तर ते ० धरलं जातं, आणि फाइल बरोबर असूनही मर्यादेबाहेरची एरर येते.)

आता जिथे अडलोय ते.

एकाच वाणाचे अनेक नियम आहेत. आमच्याकडे थॉमसन युरोपसाठी १८ मिमी, आखातासाठी १६. कलेक्शनमधल्या प्रत्येक एलिमेंटची वेगळी ओळख (की) देणारं गेटएलिमेंटकी एकच ऑब्जेक्ट परत देतं, म्हणून मी वाण आणि बाजार जोडून स्ट्रिंग बनवतो, आणि तीच की दोनदा आली तर एरर यावी म्हणून थ्रोऑनडुप्लिकेट ओव्हरराइड करून ट्रू ठेवलं आहे. स्ट्रिंगऐवजी टपल (दोन किमतींची जोडी) दिला तर पुढे काही त्रास होतो का? प्रत्यक्ष वापरलेल्यांनी सांगावं.

दुसरं, गेटसेक्शनमधून आलेले एलिमेंट रीड-ओन्ली असतात, आणि पॅकिंगच्या कोडला सिस्टम डॉट कॉन्फिगरेशनची ओळखही नसावी असं मला वाटतं. म्हणून कलेक्शनवर कास्ट आणि सिलेक्ट लावून साध्या क्लासची लिस्ट बनवतो. पण मग प्रत्येक गोष्टीचे दोन क्लास होतात, आणि नवीन फील्ड दोन्हीकडे घालावं लागतं. तुम्ही हे दोन क्लास ठेवता की एलिमेंटवर फक्त वाचायचा इंटरफेस चढवून तोच पुढे देता? पुढे प्रत्येक नियमाखाली लेबलांची आतली यादीही येणार आहे, तेव्हा दोन पातळ्यांवर जे टिकेल ते सांगा.

काढणी जानेवारीत सुरू होते. डिसेंबरात सुपरवायझरांसोबत नवी फाइल एकदा चालवून पाहायची आहे.