प्रतिसाद: स्टीलचा सेटअप सिरॅमिकला तसाच चालत नाही

वर विचारलंय की धातूंसाठी वापरतो तोच हॉपकिन्सन बार (दोन लांब धातूच्या दांड्यांमध्ये नमुना धरून त्यावर जोरदार आघात करायची चाचणी-मांडणी) अ‍ॅल्युमिनाला (एका कडक, ठिसूळ सिरॅमिकला) का चालू नये. बार तोच चालतो, पण बाकी बरंच बदलावं लागतं.

साधा हिशोब करा. अ‍ॅल्युमिना जेमतेम १ टक्का (०.०१) विकृतीच्या, म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेत तेवढं दबण्याच्या, आतच फुटतं. विकृतीचा दर सेकंदाला १००० धरला, तर सगळा खेळ १० मायक्रोसेकंदांत आटोपतो. नमुन्याची दोन्ही टोकं समान दाबाखाली यायला आघाताच्या लहरीला आतून अनेक फेऱ्या माराव्या लागतात. स्ट्रायकर (बारच्या टोकावर आदळणारा दांडा) सरळ आपटलात तर दाब इतक्या झपकन चढतो, की एक टोक चुरडतं आणि दुसऱ्याला खबरही नसते! आलेखावर जो आकडा दिसतो त्याला ताकद म्हणण्यात काही अर्थ नाही. म्हणून स्ट्रायकर आणि बारच्या मध्ये तांब्याची छोटी चकती ठेवतात. ती चेपत जाते आणि दाब उतारासारखा हळूहळू चढतो. कोल्स्कीने १९४९ साली दोन बारांची मांडणी केली, तिच्यातली ही पुढची सुधारणा मला सगळ्यात हुशारीची वाटते.

दुसरी भानगड म्हणजे नमुना बारपेक्षा कडक. तो स्टीलमध्ये रुततो, कडांवर ताण एकवटतो आणि तिथूनच तडा जातो. त्यामुळे दोन्हीकडे टंगस्टन कार्बाइडच्या चकत्या लावतात. नमुन्याची तोंडं समांतर घासून घेतली नसतील तर मात्र या चकत्याही वाचवत नाहीत.

विकृती शक्यतो नमुन्यावरच स्ट्रेन गेज (विकृती मोजणारी छोटी पट्टी) चिकटवून मोजा. बारच्या सिग्नलवरून काढलेली एवढी बारीक विकृती मी तरी डोळे झाकून मानणार नाही.