समृद्धी आणि पांदण, दोन्हीकडे एकच गाडी: टायर ए/टी टाकायचे की एच/टी?

पांदणवाट (नेर, यवतमाळ)

माझं मत आधी सांगतो. ज्याचे वर्षातले बहुतेक किलोमीटर डांबरावर आणि सिमेंटवर जातात, त्याने शेत कितीही आत असलं तरी एसयूव्हीला ए/टी, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीसाठीचे ऑल-टेरेन टायर टाकू नयेत. कंपनीच्या मापाचे चांगले एच/टी, म्हणजे हायवेसाठी बनवलेले टायर टाकावेत आणि वाचलेल्या पैशात हवेचा गेज आणि १२ व्होल्टचा पंप घ्यावा.

आमच्याकडे नवी स्कॉर्पिओ किंवा बोलेरो दारात आली की महिनाभरात तिला मोठ्या दातांचे टायर लागतात. विचारलं की उत्तर ठरलेलं, शेतात जावं लागते. जावं लागतं हे खरंच आहे, मी पण जातो. पण आपली माती कोणती ते पाहा. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि चिकटते. चाक चार-दोनदा फिरलं की टायरच्या खाचा भरून जातात आणि वरून तो गुळगुळीतच होतो, मग तो एच/टी असो की ए/टी. ए/टीच्या खाचा थोड्या रुंद असतात, पण हा चिकट चिखल बाहेर फेकण्याइतक्या नाहीत. ते काम एम/टी म्हणजे खास चिखलाच्या टायरचं, तेही चाक जोरात फिरवलं तर. ऑगस्टमध्ये भर पावसानंतर दोन चाकांवर चालणारी गाडी पांदणीत घातली तर शेवटी ट्रॅक्टरच लावावा लागतो. आणि जिथे मातोश्री पाणंद योजनेतून खडी-मुरूम पडला आहे, तिथे एच/टीवरही गाडी सरळ निघते. मग ए/टीचा उपयोग नेमका कुठे होतो?

दुसरी बाजू समृद्धीची. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि आपलं गाडी चालवणंच बदललं. आधीच्या रस्त्यांवर गावं, बैलगाड्या, गतिरोधक यायचे आणि टायरला श्वास घ्यायला वेळ मिळायचा. आता धामणगावला चढलं की १२० च्या मर्यादेपर्यंत सलग पळता येतं, मे महिन्यात, सावलीत ४५ अंश असताना, तापलेल्या सिमेंटवर. टायर नुसत्या उन्हाने तापत नाही, प्रत्येक फेरीत तो दबतो आणि सुटतो, त्यानेही तापतो. जाड आणि मोठ्या ठोकळ्यांचा टायर जास्त रबर दाबतो, म्हणजे जास्त तापतो. शिवाय आवाज, डिझेलचा खर्च आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकला लागणारं जास्तीचं अंतर.

गाडी चिखलात फसली तर अर्धा दिवस जातो. १२० वर पुढचा टायर फुटला तर गाडीत बसलेले लेकरं-म्हातारे जातात. मी याच एका हिशोबाने टायर निवडतो आणि गावातल्या प्रत्येकाने तसाच निवडावा असं मला मनापासून वाटतं.

सातपुडा_घाट (धारणी)

भाऊ, विदर्भ म्हणजे फक्त काळी माती नाही. मेळघाटात या. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल करत धारणीला आलात की मुख्य रस्ता ठीक आहे, पण आतल्या पाड्यांकडे वळलात की बसाल्टचे धारदार दगड, नाल्यातले गोटे आणि उघड्या पडलेल्या मुळ्या. इथे चिखलाचा प्रश्न कमी, टायरची बाजू कापली जाण्याचा जास्त. आणि बाजू कापली की पंक्चर काढता येत नाही, टायरच बदलावा लागतो. चांगल्या ए/टीची बाजू जाड असते, काहींत दोनाऐवजी तीन थर असतात, खांद्यावरही रबर जास्त असतं. आमचा पैसा त्या बाजूसाठी जातो, दातांसाठी नाही.

तुमच्या हायवेच्या मुद्द्यातही गफलत आहे. ए/टीवर जो वेगाचा शिक्का असतो तो बहुतेक वेळा एस किंवा टी. एस म्हणजे १८० पर्यंत, टी म्हणजे १९०. समृद्धीची मर्यादा १२०. हवा बरोबर असेल तर ए/टी तिथे फुटत नाही. फुटतात ते घासून गोटा झालेले, जुने आणि हवा कमी असलेले टायर, मग ते कोणत्याही जातीचे असोत. २०२३ मध्ये परिवहन खात्याने समृद्धीवर टायर तपासायला सुरुवात केली तेव्हा घासलेले टायर बघून गाड्या अडवल्या, ए/टी आहे म्हणून कोणाला परत पाठवल्याचं मी तरी ऐकलं नाही.

कपाशीवाला (अकोट)

मायं म्हननं दोघाइपेक्षा येगळं हाय. आमच्याकडं ना दगडं ना घाट. आमच्या गाडीले मारते ते पऱ्हाटीचे, म्हंजे कपाशीच्या झाडाचे खुंट. पऱ्हाटी कापली की जमिनीतून टोकदार खुंट वर राह्यते, तुराटीचंही तसंच. वरून धुऱ्यावरच्या, म्हंजे बांधावरच्या बाभळीचे काटे. पऱ्हाटी उपटून घ्या म्हनतात लोक, पन मजूर कुठून आनायचा? मालाची गाडी भरायला वावरात जावंच लागते. एच/टी टाकले होते तवा सारखं पंक्चरवाल्याकडं. जाड टायर पाह्यजेच.

आता पैशाचं म्हनाल तर मी मधला रस्ता काढला. बोलेरो मागच्या चाकावर चालते, म्हून मांगं दोन ए/टी, पुढं दोन एच/टी. ढकलते मांगचं चाक, मंग पुढं कायले खर्च करायचा? आन उन्हाळ्यात हवा चार-पाच पॉइंट कमी ठेवतो, म्हंजे टायर तापून फुटत नाई. आमच्या गावात सारेच असं करतात.

टायर_दुकान (कारंजा लाड)

कपाशीवाले भाऊ, तुमचा उन्हाळ्यातल्या हवेचा मुद्दा मी जाऊ देऊ शकत नाही. माझं दुकान समृद्धीपासून जवळ आहे आणि फाटलेले टायर रोज समोर येतात. हवा कमी केली की टायर तापायचा थांबत नाही, उलट जास्त तापतो. हवा कमी म्हणजे बाजू जास्त वाकते, वाकली की आतून गरम होते, आणि रबराचे थर एकमेकांपासून सुटतात. कमी हवेवर पळालेला टायर उघडून पाहा, बाजूच्या आत चारीकडून काळी पूड निघते. ती पूड म्हणजे घासून निघालेलं रबर.

हवा सकाळी, गाडी उभी असताना भरायची. ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर असतो, त्यावरचा आकडा घ्यायचा, सामान आणि माणसं भरून जायचं असेल तर त्यावर लिहिलेला जास्तीचा आकडा घ्यायचा. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की हवा साधारण एका पॉइंटने वाढते. पळून आल्यावर गेजवर आकडा वर दिसणारच, तो कंपनीने धरलेला असतो. तो पाहून गरम टायरची हवा सोडणं ही सगळ्यात धोक्याची सवय आहे. हात जोडून सांगतो, हे करू नका.

दोन जातीचे टायर एका गाडीला लावण्याबद्दल. कोरड्या वावरात तुमचं गणित चालेल. पण पावसात, ओल्या डांबरावर ए/टीची पकड एच/टीपेक्षा सहसा कमी असते. मागची पकड कमी आणि पुढची जास्त, अशी गाडी वळणावर मागून बाहेर फेकली जाते आणि ती स्टिअरिंगने सावरत नाही. अकोट-अकोला रस्त्यावर पहिल्या पावसात ब्रेक मारून पाहायची ही गोष्ट नव्हे. चारही एकसारखे लावा.

पांदणवाट

दुकानवाले भाऊंनी हवेबद्दल लिहिलं ते माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं. घाटवाले भाऊ, मेळघाटाच्या आतल्या रस्त्यांसाठी ए/टीला माझा विरोध नाही, मी मूळ पोस्टमध्येच बहुतेक किलोमीटर हायवेवर जाणाऱ्यांबद्दल बोललो. पण वेगाच्या शिक्क्याने सगळं मिटत नाही. माणूस चिखलासाठी, वाळूसाठी हवा २० वर उतरवतो, गाडी बाहेर काढतो आणि तशीच समृद्धीवर घेतो. पंप सोबत नसतो. टी असो की एस, तो शिक्का पूर्ण हवेचा आहे, २० पॉइंटचा नाही. ए/टी लावलेल्या माणसाला कुठेही घुसायची हिंमत येते आणि हवा उतरवायची सवयही, मला भीती त्याचीच आहे.

इंद्रावती_खोरं (भामरागड तालुका)

मी आरोग्य सेवेत आहे, गाडी स्वतः चालवते. पांदणवाट दादांचं एक वाक्य मला अजिबात पटलं नाही, गाडी फसली तर अर्धा दिवस जातो हे. तुमचा अर्धा दिवस जात असेल. आमच्याकडे गाडीत कधी बाळंतीण असते, कधी साप चावलेला माणूस असतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो, आणि पाणी उतरल्यावर पुलाच्या दोन्ही बाजूंना गाळ पडलेला असतो. त्या गाळातून गाडी पहिल्याच वेळी निघायला हवी.

आणि आमची माती तुमच्यासारखी काळी नाही. लाल, रेतीची, मध्ये धानाच्या बांध्या. अशा जमिनीवर ए/टीच्या खाचा भरून बसत नाहीत, मोकळ्या होतात. ओलं गवत, रेती, जंगलातला पालापाचोळा, इथे मला एच/टी आणि ए/टीमधला फरक स्टिअरिंगवर जाणवतो. दादांनी यवतमाळची माती धरून गावातल्या प्रत्येकासाठी नियम काढला, तो पूर्वेकडे लागू होत नाही. गडचिरोलीत, चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात चार चाकांवर चालणारी गाडी आणि चारही ए/टी, याशिवाय मी दुसरं काही सुचवणार नाही. नागपूरला जायचं झालं तर ८० ने जाईन.

पांदणवाट

ताई, तुमच्या कामाचा हिशोब वेगळा आहे, तिथे ए/टीच हवेत. सोबत दोरखंड आणि फावडंही ठेवा एवढं फक्त जोडतो. पण नेर, दारव्हा, दिग्रस, कारंजा या पट्ट्यात, जिथे माती काळी आहे आणि गाडी दर आठवड्याला नागपूर किंवा संभाजीनगरला पळते, तिथे मी एच/टीवरून हलणार नाही.

कपाशीवाला

दुकानवाले भाऊ, हवेचं समजलं, उद्याच्याले सकाळी भरतो. पन खुंटाचं काय? एच/टी टाकले की खुंट घुसनार, ए/टी टाकले तर तुमी म्हनता पावसात पकड कमी. मंग मी बोलेरोले नेमकं काय लावू? माल भरून मानसंही बसतात, हे पन धरा.

टायर_दुकान

तुम्ही समृद्धीवर फारसे जात नाही, माल भरता आणि रोज वावरात जाता, म्हणून तुम्हाला चारही ए/टी सांगेन. पांदणवाट भाऊंना हे आवडणार नाही, पण पंक्चर काढून काढून जागोजागी भोकं पडलेला एच/टीही रस्त्यावर सुरक्षित नाही. माप तेच ठेवा, २१५/७५ आर १५. रुंद टायर घेऊ नका, वळवताना मडगार्डला घासेल. मापाच्या पुढे १०० किंवा त्याहून जास्त आकडा पाहिजे. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, आणि तुमच्या मालाच्या गाडीत सगळ्यात आधी तोच आकडा बघायचा. बाजूवरचे शेवटचे चार अंक वाचा, २३२५ असेल तर २०२५ चा २३ वा आठवडा. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला टायर स्वस्तात देत असतील तर परत करा. पाऊस लागला की वेग ६० वर आणा. आणि स्टेपनीची हवा बघा, तिच्याकडे कोणीच बघत नाही.

सातपुडा_घाट

म्हणजे अकोट ए/टी, भामरागड ए/टी, धारणी ए/टी. पांदणवाट भाऊ, नेर-दारव्ह्यातही वावरात माल भरणारे आहेतच, त्यांच्या चाकाखाली तेच खुंट येतात. तुमचा नियम शेतात फक्त चक्कर मारून येणाऱ्याला लागू आहे, आणि तसं तुम्ही पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.

पांदणवाट

माल मी ट्रॅक्टरने आणतो आणि एसयूव्हीवाल्या शेतकऱ्याने तसंच करावं असं माझं म्हणणं आहे. ट्रॉली वावरात जाते, गाडी धुऱ्यापर्यंत. ज्याच्या घरी किंवा भाड्याने ट्रॅक्टर मिळतो त्याने खुंटांमध्ये गाडी घालूच नये. ज्याला तो मिळत नाही, त्याने दुकानवाल्या भाऊंचं ऐकावं.