एकटीचा कार्यक्रम, कॉम्प्युटरवर केलेले ट्रॅक: पट्टी, ठेका आणि लाइनच्या अडचणी

सुगमसाधना, इंदूर

नमस्कार मंडळी. गणेशोत्सवात लोकमान्य नगरला मांडवात दीड तासाचा कार्यक्रम आहे. त्या दहा दिवसांत तबलजी आणि कीबोर्डवाले दोघंही मोकळे नाहीत, म्हणून ट्रॅकवर एकटीनं गायचं आहे. अकरा गाणी: सहा भावगीतं, तीन अभंग, रूपकातलं एक भजन, एक लावणी. पट्टी (माझ्या षड्जाची हार्मोनियमवरची कळ) काळी चार, दोन गाणी काळी पाच. हार्मोनियम मीच वाजवणार. जवळ विंडोज लॅपटॉप, दोन आउटपुटचा यूएसबी इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणारं यंत्र) आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आहे.

तीन ठिकाणी अडलं आहे. विकत घेतलेला कराओके पांढरी एकचा आहे. तो काळी चारला उतरवला की तबला घागरीसारखा वाजतो. रीपरमध्ये घरी लावलेला ठेका सपाट वाटतो, आणि अंतऱ्याची ओळ पुन्हा घ्यायची झाली तर ट्रॅक पुढे निघून जातो. तिसरं म्हणजे, लॅपटॉपच्या हेडफोनच्या पिनेतून मिक्सरला लाइन दिली तर ढोलक आणि बेस जवळजवळ गायब होतात, संतूर आणि रिव्हर्ब तेवढे ऐकू येतात. तिन्हींवर नेमकं काय करायचं?

डग्गा_तबला

ताई, तबल्याचं मी सांगतो. पांढरी एकवरून काळी चार म्हणजे चार सेमीटोन (अर्धे स्वर) खाली. रेकॉर्ड झालेला आवाज इतका उतरवला की चाटेचा (तबल्याच्या काठावरच्या बोलाचा) पहिला ठसका पसरतो आणि डग्ग्याची घुमक ढिली पडते. दोन सेमीटोनपर्यंत निभतं, त्यापुढे नाही. बाकीची वाद्यं उतरवून तबला तसाच ठेवावा म्हटलं तर तो पांढरी एकवर वाजत राहणार, आणि काळी चारच्या गायिकेला तो स्वर शुद्ध गंधार लागतो. गाण्यात कोमल गंधार असेल तर प्रत्येक चाट बेसूर ऐकू येईल.

म्हणून तालवाद्य नव्यानंच लावा. काळी चारचा तबला सॅम्पलमध्ये (रेकॉर्ड केलेल्या सुट्या बोलांत) मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर बैठकीत करतात तेच करा: काळी चारला काळी एकचा तबला घ्या, तो मध्यमात बसतो. काळी पाचला काळी दोनचा. चालीत मध्यम वर्ज्य असेल तर पंचमात लावा, म्हणजे काळी चारला काळी दोन आणि काळी पाचला पांढरी चार.

आता सपाटपणा. केरवा घ्या: धा गे ना ती । ना क धी ना. पाचव्या-सहाव्या मात्रेला डग्गा पूर्ण बंद हवा. लूप जोडताना होतं काय, की आधीच्या ‘गे’ची शेपूट ‘ना क’वर वाजत राहते, ‘खाली’ (डग्ग्याविना वाजायचा भाग) भरून जाते आणि ठेका एकसुरी होतो. सॅम्पलरमध्ये उघडा डग्गा आणि बंद ‘क’ एकाच चोक ग्रुपमध्ये टाका, म्हणजे ‘क’ वाजताच ‘गे’ तुटेल. ही एक दुरुस्ती केली की अर्धा जीव परत येतो.

क्वांटाइज (ठोके मात्रेवर नेमके बसवणं) शंभर टक्के करू नका, साठ-सत्तर टक्क्यांवर थांबा. समेची, म्हणजे पहिल्या मात्रेची, व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर) ११०च्या आसपास, खालीची ८०, मधल्या बोलांना ६० ते ७५, आणि लागोपाठचे दोन ‘ना’ कधीही सारखे नकोत. एका आवर्तनाची नक्कल करत जाऊ नका. चार आवर्तनांचा तुकडा करा आणि चौथ्याच्या शेवटी छोटी उठान ठेवा. लावणीची ढोलकी मात्र प्रोग्रॅम करण्याच्या फंदात पडू नका. तिचा जीव डाव्या हाताच्या घिसाऱ्यात आहे आणि सॅम्पलमध्ये तो येत नाही. एखाद्या ढोलकीवाल्याकडून मुखडा, अंतरा, फिरकी आणि तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) असे चार तुकडे घरी रेकॉर्ड करून घ्या. त्याला आता तारीख नाही, पण एका सकाळी दोन तास तो नक्की देईल.

समेवर

ट्रॅक पुढे निघून जातो, कारण गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच फाइल आहे. गाण्याचे भाग पाडा: सुरुवातीचं म्युझिक, मुखडा, भरणीचा ठेका, अंतऱ्याआधीचा पीस, अंतरा, शेवट. भरणीचा ठेका आणि मुखडा हे दोन भाग पायाखालचा पेडल दाबून पुढे सोडेपर्यंत फिरत राहायला हवेत. मग ओळ चारदा घ्या किंवा मधेच श्रोत्यांशी दोन शब्द बोला. मांडवात वन्स मोअर येतोच, त्याची सोय आधीच करून ठेवायला हवी.

रीपरला मोफत मिळणारी एसडब्ल्यूएस जोडणी बसवा. प्रत्येक भागाला एक रीजन करा आणि ते रीजन प्लेलिस्टमध्ये क्रमाने टाका. थांबायच्या भागांना अनंत वेळा फिरण्याची खूण द्या. त्यातच ‘पुढचा रीजन, स्मूथ सीक’ अशी अ‍ॅक्शन आहे, ती पेडलच्या बटणाला जोडा. पेडल कधीही दाबला तरी चालू रीजन संपल्यावरच पुढचा सुरू होतो. म्हणून फिरणारे रीजन एक किंवा दोन आवर्तनांचेच ठेवा, आठ आवर्तनांचा केला तर पेडल दाबून ताटकळावं लागेल. गाण्याच्या शेवटी मार्कर टाकून त्याचं नाव उद्गारचिन्ह आणि लगेच १०१६ असं द्या, अंक इंग्रजी कळांनी. ती ‘स्टॉप’ची आज्ञा आहे. ती नसेल तर एखाद्या गाण्याच्या शेपटीला पुढच्याची सुरुवात लागते.

एबलटन या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर हेच काम सीनने (एकत्र सुरू होणाऱ्या तुकड्यांच्या ओळीने) होतं आणि लॉंच क्वांटायझेशन (पुढचा भाग कुठे सुरू व्हावा ती सेटिंग) एक बार ठेवलं की बदल बारच्या तोंडावरच होतो. इथे एक चूक फार जण करतात. झपताल ५/४मध्ये, म्हणजे पाच मात्रांच्या बारमध्ये, मांडतात. मग बदल सहाव्या मात्रेवर, म्हणजे खालीवर होऊ शकतो. झपताल १०/४, रूपक ७/४, भजनी ८/४ असं मांडा, म्हणजे एक बार म्हणजे एक आवर्तन आणि उडी समेवरच पडते. रूपकाची सम खालीवर असते हे क्लिक (मात्रा मोजणारी टकटक) लावतानाही ध्यानात असू द्या. पहिल्या मात्रेचा क्लिक ठळक असला तरी ठेक्यात तिथे डग्गा नाही, आणि कान नेमका डग्गा शोधतो.

शेवट फेड (हळूहळू बारीक) करू नका. तिहाई किंवा एक स्पष्ट थाप, आणि तिथेच सूर थांबवा. मांडवात फेड झालेलं गाणं संपलं की बंद पडलं, हे लोकांना कळत नाही.

मैफल_माळवा

यात एक भर. अभंगाआधीचा आलाप आणि ‘विठ्ठल विठ्ठल’ची सुरुवात ट्रॅकवर अजिबात नको. ज्या इंदूर शहरात ख्यालगायक उस्ताद अमीर खाँसाहेब अतिविलंबित झूमरा तालात एकेक स्वर तोलून मांडत, तिथल्या जुन्या कानांना ठोकळ्यात बसवलेला आलाप लगेच कळतो. तानपुरा ट्रॅकमध्ये मिसळू नका. तो फोनवरच्या अ‍ॅपमधून मिक्सरच्या वेगळ्या चॅनलवर चालू राहू दे. ट्रॅक थांबला तरी सूर भरलेला राहतो.

आणि त्या तानपुऱ्यावर कीबोर्डचा लांब धरलेला कॉर्ड टाकू नका. तानपुऱ्यातून उमटणारा गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा जवळपास १४ सेंट (सेमीटोनचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) खाली असतो. दोन्ही एकत्र धरले की स्वर थरथरतो आणि गाणारीला वाटतं आपलंच चुकतंय. कॉर्ड हवाच असेल तर षड्ज-पंचम एवढाच ठेवा. हार्मोनियमही ट्यूनरवर तपासा. पांढरी सहा ४४० हर्ट्झऐवजी ४४२ दाखवत असेल तर सगळे ट्रॅक आणि तानपुरा ८ सेंट चढवावे लागतील.

लाइन_आउट

ढोलक गायब होण्याचं कारण केबल. हेडफोनच्या पिनेत डावा आणि उजवा असे दोन वेगळे आवाज असतात. ती तीन कड्यांची पिन मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये सरळ खोचली, तर मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो. जे दोन्हींत सारखं असतं ते उडतं, आणि ढोलक, बेस नेहमी मधोमधच ठेवलेले असतात. उरतात ते कडेचे आवाज, म्हणजे तुमचं संतूर आणि रिव्हर्ब. ट्रॅकमध्ये काहीही बिघाड नाही.

इंटरफेस आहे ना? मग हेडफोनची पिन विसरा. रीपरमध्ये सगळा ट्रॅक मोनो करून डावीकडे पॅन करा, क्लिक आणि ‘अंतरा दोन’ असे बोलके इशारे उजवीकडे. फक्त डावा आउट डीआय बॉक्समधून (लाइन मिक्सरला जुळवून देणाऱ्या डबीतून) मिक्सरला द्या. उजव्या आउटला केबल लावूच नका. साउंडवाले सवयीने दोन्ही घेतात आणि मग पहिल्या गाण्याला अख्ख्या मांडवात टकटक ऐकू येते. दोन आउटच्या बहुतेक इंटरफेसमध्ये हेडफोनला हेच दोन आवाज जातात. इअरफोनचा उजवाच बोंडा कानात घाला, डावा कान उघडा ठेवा. ट्रॅक पायाशी ठेवलेल्या मॉनिटरमधून ऐका, मुख्य बॉक्समधून नाही. आवाजाला एक मीटरला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. दहा मीटरवरच्या बॉक्सच्या भरवशावर गायलात तर सतत मागे पडाल.

मोनो करताना एकदा नीट ऐका. रुंद कोरस किंवा स्टिरिओ पसरवणारा इफेक्ट असेल तर ते वाद्य मोनोत पातळ होतं. तो इफेक्ट काढा.

लॅपटॉपचा अ‍ॅडॅप्टर लावल्यावर घूं असा आवाज आला तर डीआयचं ग्राउंड लिफ्ट दाबा. तरी गेला नाही तर लॅपटॉप बॅटरीवर चालवा. ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय घ्या, त्याला वीज लागत नाही. केबल जेल रोडवर तयार मिळतील, पण पिना उघडून सोल्डरचे डाग पाहून घ्या.

मिक्सिंगचं थोडक्यात: सगळी गाणी एकाच पातळीला, उणे १८ लफ्सच्या (सरासरी आवाजाच्या मापाच्या) आसपास, शिखर उणे ६ डेसिबलच्या वर नको. ४० हर्ट्झखालचं कापा. २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये दोन-तीन डेसिबल कमी करा, तिथे तुमचे शब्द बसतात. ट्रॅकवर रिव्हर्ब कमीत कमी. सप्टेंबरच्या पावसासाठी मांडवाला पत्रे असतील, तर घुमारा ते फुकट देतील.

सुगमसाधना, इंदूर

खूप आभार, ढोलकीवाल्यांना आजच फोन करते. दोन शंका. पेडल कोणता घ्यावा? आणि मधेच लॅपटॉप अडकला किंवा लाइट गेली तर?

समेवर

नोटेशनची पानं उलटायला मिळतो तो दोन बटणांचा पेडल पुरतो. लॅपटॉपला तो कीबोर्डच वाटतो. मात्र केबलने जोडा, ब्लूटूथ नको. एक बटण ‘पुढचा भाग’, दुसरं ‘स्टॉप’. रीपरची खिडकी पुढे असेल तरच कळ तिथे पोचते. मधे एखादी सूचना उघडली की पेडल मुका होतो. म्हणून वायफाय बंद, नोटिफिकेशन बंद, अपडेट आठवडाभर पुढे ढकललेले, स्क्रीन आणि स्लीप ‘कधीही नाही’वर, पॉवरमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद. ते चालू राहिलं तर इंटरफेस मधेच झोपू शकतो. सॅम्पलर थेट चालवू नका. सगळे भाग ४४.१ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइलमध्ये रेंडर करून घ्या आणि बफर (आवाजाचा आगाऊ साठा) १०२४ ठेवा. नुसता ट्रॅक वाजवायचा असल्यानं उशिराचा प्रश्न येत नाही, आणि ८ जीबी रॅम आरामात पुरते. फिरणारे तुकडे एमपी३मध्ये कधीच नको. एमपी३ करताना सुरुवातीला बारीकशी रिकामी जागा शिरते आणि प्रत्येक समेला ठेका अडखळतो.

लाइन_आउट

लॅपटॉप अडकला तर: दुसऱ्या एका फोनवर त्याच अकरा गाण्यांचे सलग मोनो ट्रॅक ठेवा, क्लिक न घालता, नावाआधी ०१, ०२ असे आकडे घालून. तानपुऱ्याचा फोन वेगळा. दोन्ही फोन एअरप्लेन मोडवर, केबलनेच जोडलेले, मिक्सरला वेगवेगळे चॅनल. या राखीव चॅनलचा गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) साउंड चेकलाच लावून फेडर खाली ठेवायला सांगा, ऐन वेळी गेन शोधायला लागलं तर कर्कश शिट्टी येते. लाइट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहील, इंटरफेस यूएसबीवर. मिक्सर आणि अँप्लिफायर बंद पडतील, म्हणून मिक्सरला तरी छोटा यूपीएस लावून घ्या. जनरेटर सुरू होईपर्यंत स्टॉपचं बटण दाबायचं आणि हार्मोनियमवर मुखडा धरून ठेवायचा. लाइट आली की ‘भरणीचा ठेका’ या रीजनवरून परत सुरू करा, गाण्याच्या तोंडापासून नको.

मंडळाला एक विचारून ठेवा. ट्रॅक तुम्ही केलात तरी शब्द आणि चाल कवी-संगीतकारांची असते, त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. हौशी मंडळाच्या बिनतिकिटाच्या कार्यक्रमाला १९५७च्या कायद्यात सूट आहे, पण तोच व्हिडिओ नेटवर टाकला तर ती सूट लागू होत नाही. आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकरची परवानगी मंडळानं घेतली आहे का ते आधी पाहा. नसेल तर लावणी साडेनऊच्या आत आणा, वन्स मोअर तिलाच येणार.