जीएनएमनंतर पुढे काय? पोस्ट बेसिक, एमएस्सी की आधी नॉरसेट, म्हणजे एम्सची भरती परीक्षा?

मिरजेची_सिस्टर

नमस्कार. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, 2018 ची पासआउट, वय 28 पूर्ण. मिरजेत एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत पहिल्यापासून आहे. पगार 19 हजार, त्यात नाईट अलाउन्स धरून. मिस्टर झेडपी शाळेत शिक्षक, मुलगी यंदा पहिलीत गेली. सासूबाई मुलीला सांभाळतात, त्यामुळे घरून तशी आडकाठी नाही. "शिकायचं तर आत्ताच शीक, नंतर माझे गुडघे ऐकायचे नाहीत," असं त्याच म्हणाल्या.

शिकायचं मनात यायचं कारण सांगते. गेल्या वर्षी इन-चार्जची जागा निघाली आणि ती मिळाली एका बीएस्सी झालेल्या नव्या मुलीला. मुलगी गुणी आहे, तिच्यावर राग नाही. पण व्हेंटिलेटरचा हाय प्रेशरचा अलार्म वाजला की ती मला हाक मारते. ट्यूबमध्ये सिक्रीशन (कफ) आहे की पेशंट ट्यूब चावतोय, ते मी बघते, सक्शन मी करते. एबीजीमध्ये, म्हणजे रक्तातल्या वायूंच्या तपासणीत, पीसीओटू (कार्बन डायऑक्साइड) चढलाय हे डॉक्टरांना फोन करून मी सांगते. आणि हँडओव्हरच्या रजिस्टरवर इन-चार्ज म्हणून सही तिची. मॅनेजमेंटला विचारलं तर म्हणे, "एनएबीएचच्या (हॉस्पिटलच्या मानांकनाच्या) फाईलला डिग्री लागते."

आता डोक्यात तीन गोष्टी आहेत. पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे जीएनएमनंतरची नर्सिंगची पदवी, करायची, जमलं तर पुढे एमएस्सी. किंवा आयसीयूच्याच लाईनमध्ये ते नर्स प्रॅक्टिशनर क्रिटिकल केअर आहे, ते. किंवा सगळं सोडून जर्मनी-यूकेचं बघायचं.

एक एजंट मागे लागलाय. म्हणतो, पोस्ट बेसिकला अ‍ॅडमिशन घ्या, नोकरी सोडू नका, कॉलेजला फक्त परीक्षेपुरतं या. फी थोडी जास्त आणि ओरिजिनल कागदपत्रं त्यांच्याकडे जमा. आमच्या वॉर्डातल्या दोघी तयार झाल्यात. मी काय करू? कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

ब्रदर_नंदुरबार

ताई, माझा मार्ग सांगतो, पटला तर बघा. जीएनएम, मग पोस्ट बेसिक, मग सहा महिन्यांचा कम्युनिटी हेल्थचा कोर्स करून आता सीएचओ (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) आहे, उपकेंद्रावर. दरमहा 25 हजार आणि कामाप्रमाणे 15 हजारांपर्यंत वेगळा मोबदला. पोस्ट कंत्राटी आहे, हे आधीच सांगतो.

आयसीयूची सवय असलेल्याला सुरुवातीला चुकल्यासारखं होतं. इथे मॉनिटर नाही, सेंट्रल लाईन नाही. बीपी-शुगरची यादी, ई-संजीवनीवर डॉक्टरांशी पेशंटचं बोलणं करून देणं, टीबीच्या गोळ्या कोणी सोडल्या ते घरी जाऊन बघणं, असं काम. पण निर्णय माझे मी घेतो, आणि गावात ब्रदरलासुद्धा "डॉक्टर" म्हणतात. नाही म्हणून सांगून थकलो. लहान मुलगी आहे तर दुर्गम भागातलं पोस्टिंग तुम्हाला झेपेल का, हा विचार मात्र करा.

जुनी_पाठ्यनिर्देशिका

सिस्टर, आधी वयाचं बोलू, डिग्रीचं नंतर.

एम्सच्या नर्सिंग ऑफिसरसाठी जी नॉरसेट होते, तिला जीएनएमही चालतं. अट एवढीच, की नोंदणीनंतर 50 खाटांच्या हॉस्पिटलात दोन वर्षांचा अनुभव हवा. तो तुमच्याकडे आहे, म्हणजे त्या परीक्षेला तुम्ही आज, या क्षणी पात्र आहात. पण वयोमर्यादा 30. ओबीसींना तीन वर्षं, एससी-एसटींना पाच वर्षं सवलत. खुल्या प्रवर्गाला काही नाही. आता हिशेब करा. दोन वर्षं पोस्ट बेसिकला घालवली तर हातात डिग्री येईल आणि नॉरसेटचं दार बंद झालेलं असेल. वेतनाची लेव्हल 7, मूळ पगारच 44,900 पासून. 19 हजारांवर आयसीयू ओढणाऱ्या मुलीने हे दार न ठोठावता पुढे जाणं मला पटत नाही. प्रिलिम्स आणि मेन्स असे दोन टप्पे असतात, मुख्य अभ्यास नर्सिंगचाच, प्रिलिम्सला थोडं सामान्य ज्ञान आणि अ‍ॅप्टिट्यूडही. नाईटमध्ये पहाटेच्या तास-दीड तासात पुस्तक उघडायची सवय लावा. रेल्वेच्या नर्सिंग सुपरिंटेंडंटच्या जाहिरातीवरही लक्ष ठेवा. तिथे जीएनएम चालतं आणि वयाला जास्त सैल सोडतात.

आता त्या एजंटाकडे येते, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. मी सरकारी स्कूलमध्ये शिकवून निवृत्त झाले आणि परीक्षक म्हणून बरीच कॉलेजं पाहिली. "नॉन-अटेंडिंग" नावाचा कुठलाही कोर्स नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमात पोस्ट बेसिक पूर्णवेळ दोन वर्षांचं आहे. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत 80 टक्के हजेरी, आणि पदवी हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलची 100 टक्के. घरी बसून ही हजेरी भरते ती कुणाच्या तरी खोट्या सहीने. तपासणीच्या दिवशी गाडी भरून मुली येतात, अंगावरच्या नव्या एप्रनच्या घड्यासुद्धा मोडलेल्या नसतात. एकदा मानसिक आरोग्याच्या प्रॅक्टिकलला एका मुलीला म्हटलं, बाळ, या पेशंटचं मेंटल स्टेटस एक्झामिनेशन कर. ते होतं पेशंटशी बोलून; तिने पिशवीतून बीपीचं मशीन काढलं. मी तिला रागावू कुणाच्या तोंडाने? तिने फी भरलेली, तिला कोणी शिकवलेलंच नाही.

शिवाय तुमचं नाव एकाच तारखांना हॉस्पिटलच्या मस्टरवर आणि कॉलेजच्या हजेरीवर लागणार. पुढे सरकारी नोकरीत किंवा परदेशात कागदपत्रांची पडताळणी झाली की नेमक्या याच तारखा समोरासमोर येतात. तेव्हा एजंटाचा फोन लागत नाही.

पोस्ट बेसिक करायचं तर नोकरी सोडून करा आणि कॉलेज बघून करा. इमारत बघू नका. सकाळी साडेसातला त्यांच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात जाऊन उभ्या राहा. खाटांवर खरे पेशंट आहेत का, विद्यार्थिनी त्यांच्याजवळ आहेत की जर्नल उतरवत ड्युटीरूममध्ये बसल्यात, दहा मिनिटांत कळतं. दुसऱ्या वर्षाच्या मुलीला गाठून विचारा, कम्युनिटीच्या पोस्टिंगला कुठे गेली होतीस? गावाचं नाव पटकन सांगता आलं नाही तर परत फिरा. प्रवेशाचं वेळापत्रक सीईटी सेलच्या संकेतस्थळावर बघत चला आणि विद्यापीठाच्या यादीत त्या कॉलेजची त्या वर्षीची संलग्नता आहे ना, ते स्वतः तपासा.

एमएस्सीबद्दल. ती मुख्यतः वर्गात जायची वाट आहे. पहिल्या वर्षी नर्सिंग एज्युकेशन, रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स, दुसऱ्या वर्षी मॅनेजमेंट आणि प्रबंध. तुम्हाला शिकवायला आवडतं का? त्या नव्या मुलीला अलार्म समजावताना वैताग येतो की बरं वाटतं? याचं उत्तर स्वतःला खरं द्या. फक्त पगारासाठी एमएस्सी केलेल्या कितीतरी जणी आज ट्यूटर आहेत आणि आयसीयूतल्या सिस्टरपेक्षा कमी घेतात. एमएस्सीला 55 टक्के लागतात आणि एक वर्षाचा अनुभव. पोस्ट बेसिकवाल्यांचा आधीचा अनुभवही धरतात, हा तुमचा फायदा; थेट बीएस्सी केलेल्यांना पदवीनंतर वर्षभर काम करावं लागतं. विषय निवडताना मेडिकल-सर्जिकलच्या रांगेत डोळे मिटून उभ्या राहू नका. प्रत्येक कॉलेजला पाचही विषयांचे शिक्षक लागतात आणि मेंटल हेल्थकडे मुली फिरकत नाहीत.

नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स कागदावर फार सुंदर आहे. दोन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे शिक्षण बहुतेक सगळं खाटेजवळ, आणि आयसीयूत मुरलेल्या पदवीधर सिस्टरसाठीच तो आखलाय; तुम्हाला आधी पोस्ट बेसिक करावं लागेल. पण पास होऊन आल्यावर त्या नावाची मंजूर पदं आपल्याकडे शोधावी लागतात. ज्या हॉस्पिटलात तो चालतो तिथल्या पास झालेल्या मुली आज कोणत्या पदावर आहेत, हे विचारल्याशिवाय फॉर्म भरू नका. आणि डिग्रीच हवी असा हट्ट नसेल तर एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमा आहेत: क्रिटिकल केअर, निओनेटल, ऑन्कोलॉजी. ऑन्कोलॉजीचा टाटा मेमोरिअलमध्येही होतो. तिथे शिकलेल्या मुलीचा हात बघितला की कळतं.

लेस्टरकर_नर्स

मी सातारची, इथे यूकेत एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवेत) बँड 5 वर, म्हणजे नर्सच्या सुरुवातीच्या वेतनश्रेणीत, आले. बाईंनी सगळं लिहिलंय, मी फक्त परदेशाचं बोलते. यूकेच्या नोंदणीला जीएनएम पुरतं. ओईटी किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, मग सीबीटी ही संगणकावरची, मग इथे येऊन ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा. इंटरव्ह्यूत मला एमएस्सी आहे का असं कोणी विचारलं नाही. सेप्सिसचा पेशंट आला तर पहिल्या तासात काय करशील, हे विचारलं. सध्या मात्र हॉस्पिटलं चालवणाऱ्या ट्रस्टनी हात आखडता घेतलाय, बाहेरून पूर्वीसारखी भरती होत नाही. त्यामुळे एजंटाला आगाऊ पैसे देऊन बसू नका.

इथली प्रगत पदवी नोकरीत राहूनच करतात. अ‍ॅडव्हान्स्ड क्लिनिकल प्रॅक्टिशनरचं मास्टर्स करताना ट्रस्ट बहुतेक बँड 7 वर ठेवतं, पूर्ण झाल्यावर 8ए. पेशंट तपासणं, औषध लिहून देणं, सगळं. म्हणजे यायचंच असेल तर भारतात एमएस्सी करून वर्षं घालवण्यापेक्षा आयसीयूतला हात चालू ठेवा. जर्मनीला जर्मन भाषेची बी2 पातळी लागते आणि ती नाईट ड्युट्या करत होत नाही, माझ्या मैत्रिणीचं बघितलंय.

मिरजेची_सिस्टर

सगळ्यांचे आभार. बाई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, शिकवताना बरं वाटतं. वैताग येतो तो सहीचा. मिस्टरांशी बोलले. आम्ही खुल्या प्रवर्गात आहोत, म्हणजे नॉरसेटला हातात फार वेळ नाही. ती आधी, जोर लावून. नाही झालं तर पोस्ट बेसिक, रेग्युलर. पण त्या दोघींनी ओरिजिनल देऊन टाकलीत, मार्कशीट आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दोन्ही. त्यांना आता मागता येतील का?

जुनी_पाठ्यनिर्देशिका

येतील. पडताळणी करून मूळ कागदपत्रं परत द्यायची, अडकवून ठेवायची नाहीत, असं यूजीसीने 2018 मध्येच कॉलेजांना बजावलंय. लेखी अर्ज करा, पोच घ्या, प्रत विद्यापीठाला पाठवा. तोंडी मागितलं तर "साहेब बाहेरगावी गेलेत" एवढंच ऐकायला मिळेल. आणि रजिस्ट्रेशन पहिलं मागायला सांगा, त्याच्यावाचून त्यांची आत्ताची नोकरीसुद्धा लटकेल.

तुमचं स्वतःचं नूतनीकरण चालू आहे ना, तेही आजच बघा. अनुभवाच्या दाखल्यावर खाटांची संख्या आणि रुजू झाल्याची तारीख स्पष्ट लिहून घ्या. एचआरवाले "सिन्स 2018" असं मोघम लिहून मोकळे होतात, आणि पडताळणीच्या टेबलावर तेवढ्यावरून पोरी परत पाठवतात.