इलेक्ट्रिक व्हीलचेअर रॅम्पवर मागे उलटेल का?

प्रश्न: दारात तीन पायऱ्या, एकूण उंची ४५ सेंमी. सुताराने ६ फुटी लाकडी रॅम्प केलाय. आईची बॅटरीवरची खुर्ची त्यावर चालेल का?

देशमुख_पुणे: नको. हा चढ १४ अंशांच्या आसपास जातो. बहुतेक खुर्च्यांची मर्यादा ६ ते १० अंश, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. १:१२ उतार (१ सेंमी उंचीला १२ सेंमी लांबी) धरला तर ५.४ मीटर, म्हणजे जवळपास १८ फूट लागतील. जागा नसेल तर मध्ये वळण घ्या, पण वळणावर सपाट दीड मीटर हवेच. कडेला कठडा विसरू नका, चाक घसरते ते तिथूनच.

रेखा_ओटी: उलटण्याचा खरा क्षण चढावर थांबून पुन्हा निघताना येतो. जॉयस्टिक झटक्यात पुढे दाबली की पुढची चाके उचलतात. वेग कमीतकमी, पाठ सरळ, हँडलला जड पिशवी नाही. मागची छोटी अँटी-टिप (खुर्ची मागे उलटू न देणारी) चाके अडतात म्हणून कुणी काढली असतील तर परत बसवा. पट्टा पोटावर नव्हे, कमरेच्या हाडावर.

मेकॅनिक_नाना: मोटरजवळची फ्रीव्हील लिव्हर (खुर्ची हाताने ढकलता यावी म्हणून मोटर सोडवणारा दांडा) बघा. ती ढकलायच्या स्थितीत राहिली तर ब्रेकच सुटलेला असतो, उतारावर खुर्ची सरळ धावते. लिव्हर सपाट जागेवरच हलवा.

रेखा_ओटी: हो, आणि पलंगावर बसवताना आधी पॉवर बंद. पदराने जॉयस्टिक दाबली जाऊन पाय फूटरेस्टखाली चिरडतात.