मदत हवी आहे : जखमेवरची शेवाळाची पट्टी आणि खालचा बुळबुळीत थर

पांदण_रस्ता : कोणीतरी लवकर सांगा. बाबांच्या पायाच्या जखमेवर डॉक्टरांनी समुद्री शेवाळाची पट्टी लिहून दिली. आज सोडली तर खाली पिवळट, बुळबुळीत थर. पू झाला का? पट्टी बंद करू? त्यात बाबा माळकरी. समुद्रातली म्हटल्यावर मासोळीचंच काही असणार, मले लावू नको म्हणून बसले आहेत. निव्वळ झाडपाल्यापासून केलेली दुसरी पट्टी मिळते का?

वऱ्हाडी_मोहर : भाऊ, कंबरमोडीचा पाला चुरगळून रस पिळा. वावरात विळा लागला की आमच्या घरी तेच करतात, रक्त लगेच थांबतं. पट्टीवर पैसे काहून घालवता?

सिस्टर_अक्का : थांबा. जखम कशाची, किती जुनी, पायाला नेमकी कुठे? शुगर आहे का? पाकिटावर काय लिहिलंय? तो थर सलाइननं धुतला तर जातो का? वास येतो का?

पांदण_रस्ता : मी पट्टीचं विचारलं होतं. बरं, पाकिटावर कॅल्शियम अल्जिनेट आहे. जखम तळव्याला, अंगठ्याच्या खाली. पेरणीआधी पऱ्हाटीचं धसकट रुतलं होतं, अजून पाणी सुटतंच आहे. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. दुखत नाही म्हणून वावरात जातात.

सिस्टर_अक्का : ही सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही शेवटी सांगितली. शुगरच्या माणसाच्या तळव्याची जखम दुखत नाही, म्हणजे पायाची संवेदना गेली असणार. आता थराचं : अल्जिनेट जखमेचं पाणी पिऊन भिजलेल्या सब्जासारखं फुगतं. तो पू नाही, जेल आहे. सलाइननं धुवा. खाली लाल मांस दिसलं तर पट्टी आपलं काम करते आहे. घाण वास, पसरणारी लाली, काळा पडलेला भाग, ताप किंवा थंडी वाजणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

रसायनवाला : बाबांना सांगा, यात मासोळीचं काही नाही. तपकिरी समुद्री शेवाळाच्या पेशीभिंतीत अल्जिनेट असतं. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर सरगॅसम नावाचं असं शेवाळ काढतात. पट्टीतलं कॅल्शियम जखमेच्या पाण्यातल्या सोडियमशी जागा बदलतं, म्हणून धाग्यांचं जेल होतं. उलट मेडिकलवाल्यानं बदली म्हणून हायड्रोकोलॉइड दिलं तर आधी विचारा. त्यात पेक्टिन आणि सेल्युलोजचा पदार्थ वनस्पतीचा असला तरी पुष्कळदा जिलेटिन असतं, आणि ते जनावराच्या हाडा-कातड्याचं. कायटोसानचीही पट्टी मिळते, ते तर झिंग्या-खेकड्याच्या कवचाचं.

वऱ्हाडी_मोहर : एवढं रसायन कशाला? जखम उघडी ठेवा, वारा लागू द्या, खपली धरली की झालं. आमच्या आजोबांपासून हेच.

रसायनवाला : १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर प्रयोग केला होता. झाकून ओल्या ठेवलेल्या जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांपेक्षा जवळपास दुप्पट वेगानं आली. खपलीखाली त्वचेला वाट काढत जावं लागतं.

वऱ्हाडी_मोहर : डुकराचं माणसाला कसं लावता? कंबरमोडीनं बरे झालेले मी डोळ्यानं पाहिले.

सिस्टर_अक्का : विळ्यानं कापलेलं बोट वेगळं आणि शुगरच्या तळव्याची जखम वेगळी. न उकळलेला पाला त्या जखमेत घालू नका, मातीतले जंतू आत जातात.

काळी_माती : मला वेगळंच वाटतं. कापूस म्हणजे जवळपास ९० टक्के सेल्युलोज. तो आपण पिकवतो आणि पट्ट्या बाहेरून घेतो. वर पऱ्हाट्या वावरातच जाळतो. यवतमाळ, अमरावतीत असा कारखाना का नाही? शासनाकडं मागायला पाहिजे.

रसायनवाला : मागा, पण जिनिंगचा कापूस थेट जखमेवर चालत नाही. वैद्यकीय दर्जासाठी शुद्धीकरण आणि निर्जंतुकीकरण लागतं. खरा खर्च तिथं आहे.

पांदण_रस्ता : कापसाचा वेगळा धागा काढा ना. धुतल्यावर थर निघाला, वास नाही, खाली लाल आहे. पण जखमेचा काठ पांढरा, फुगलेला दिसतो.

सिस्टर_अक्का : चांगल्या कातडीवर ओली पट्टी पसरली की काठ असा होतो. जखमेच्या मापाची कापून आतच ठेवा, वर कोरडा गॉज आणि बँडेज. ओढून काढू नका, सलाइननं भिजवून सोडवा. पाणी सुटणं थांबलं की अल्जिनेट बंद करायची, कोरड्या जखमेवर ती चिकटते. आणि पट्टी कितीही चांगली असली तरी तळव्यावर वजन पडत राहिलं तर जखम भरणार नाही. सेवाग्रामला किंवा यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या. दोन्ही मोठी रुग्णालयं आहेत.

पांदण_रस्ता : बाबांना वाचून दाखवलं. शेवाळाची पट्टी राहू दे म्हणाले. पण फवारणी तोंडावर आहे, वावरात जाणारच म्हणतात. शुगरवाल्यांसाठीची मऊ रबराची, एमसीआरची चप्पल दिली तर चालेल का?

सिस्टर_अक्का : ती जखम भरल्यावर, पुन्हा होऊ नये म्हणून. आत्ता त्या जागेवरचा भार पूर्ण काढायला हवा, प्लास्टर किंवा फेल्टचं पॅड डॉक्टर लावून देतील. फवारणीला दुसरा माणूस लावा. औषध उघड्या जखमेतून अंगात जातं, तेही त्यांना सांगा.